हे नकोत

धैर्यशील जगदाळे यांना बायको दिसत होती. बायकोला धैर्यशील जगदाळे दिसत नव्हते. बाकी सगळं दिसत होतं. गॅसवरचं पातेलं दिसत होतं, खिडकीच्या गजावर वाळत घातलेलं फडकं दिसत होतं, ओट्यावर सांडलेली चहापूड तर तिनं चिमटीत धरून सिंकमध्ये टाकली. चहाचा कप पुढे करून उभा असलेला सहा फुटी नवरा तेवढा दिसत नव्हता.

"अगं, घे ना," ते म्हणाले.

वृषालीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. तिची नजर त्यांच्या छातीतून आरपार गेली आणि मागच्या फ्रिजवर थांबली. "कुठं आहात तुम्ही?"

"इथंच. तुझ्यासमोर."

"मला तर फ्रिज दिसतोय."

ते एक पाऊल पुढे सरकले तशी ती दचकली आणि बाजूला झाली. स्टूल वाटेत आलं तर माणूस होतो तशी. मग तिनं शांतपणे पातेल्यातला उरलेला चहा दुसऱ्या कपात ओतून घेतला आणि ती बाहेरच्या खोलीत गेली. धैर्यशीलराव हातातल्या कपाकडे बघत राहिले. यंत्राची काहीतरी गडबड आहे, एवढंच त्या वेळी त्यांच्या मनात आलं, आणि ज्या माणसानं ते यंत्र कसं बघेल हे ठरवलं होतं त्याच्या मनात दुसरं काही येण्यासारखंही नव्हतं.

वृषालीचे डोळे साठीच्या आतच गेले. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत गेला आणि वर्षभरात समोरच्या माणसाचा चेहरा म्हणजे एक काळं भोक उरलं. पुढे कडेचं उरलेलंही गेलं, तेव्हा तिला चिप बसवली. चष्म्यातला कॅमेरा समोरचं टिपतो आणि दृष्टिपटलामागची चिप ते विजेच्या ठिपक्यांनी मेंदूकडे पाठवते. अडचण एवढीच की चिपकडे ठिपके मोजके. निरोगी डोळा जेवढं पाहतो त्याचा शंभरावा हिस्साही त्यात मावत नाही. तेव्हा काय दाखवायचं, काय गाळायचं, कशाची कड जाड करायची, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. यंत्र समोरच्या दृश्याचं एक झाड करतं. खोली, खोलीत खुर्ची, खुर्चीत माणूस, माणसाच्या हातात कप. त्या झाडाची कुठली फांदी कशी दिसावी याचे नियम कुणीतरी लिहायचे.

नियम कुठल्या भाषेत लिहायचे याचा समितीत घोळ चालला होता तेव्हा धैर्यशीलराव उभे राहिले आणि म्हणाले, "भाषा आपल्याकडे आहे की. वेबची पानं सजवायची सीएसएस. पान सजवलं काय आणि खोली सजवली काय, झाड ते झाडच."

त्यांचं सगळं आयुष्य त्या भाषेत गेलं होतं. पुण्यात नोकरीला लागले तेव्हापासून ते वेबची पानं करत आले होते. बरोबरीची पोरं त्या भाषेला शिव्या घालायची. हिला कुणी शहाण्या माणसानं रचलेलंच नाही, म्हणायची, ही वीस जणांनी वीस दिशांनी शिवलेली गोधडी आहे, इकडे ओढली की तिकडे उसवते. धैर्यशीलराव हिरिरीनं भांडायचे. ते म्हणायचे, ही भाषा माणसाला सांभाळून घेते. एखादी ओळ तिला कळली नाही तर ती आरडाओरडा करत नाही, ती ओळ निमूट सोडते आणि पुढे जाते. जुनं काही ती कधी काढून टाकत नाही, म्हणून आजोबांच्या काळातलं पान नातवालाही उघडतं.

आणि मग ते त्यांच्या लाडक्या गोष्टीवर यायचे, ती म्हणजे उतरंड. पानाचा कर्ता एक नियम लिहितो, पान वाचणारा दुसरा. एरवी कर्त्याचं चालतं. पण वाचणाऱ्यानं आपल्या नियमावर 'महत्त्वाचं' असा शेरा मारला की उतरंड उलटी होते आणि शेवटचा शब्द वाचणाऱ्याचा. अधू डोळ्यांच्या माणसाला अक्षरं मोठी हवी असतील, तर जगातला कुणी डिझायनर ती लहान करू शकत नाही. नजरेच्या भाषेतही त्यांनी हेच आणलं. खाली कंपनीचे नियम, मग डॉक्टरचे, मग घरच्यांचे. आणि चष्मा घालणाऱ्यानं 'महत्त्वाचं' म्हटलं की सगळ्यांच्या वर त्याचं. जिचे डोळे तिचा हुकूम, असं ते व्याख्यानात सांगायचे.

वृषालीची पहिली नियमावली त्यांनी स्वतः बसून लिहिली. त्यात स्वतःसाठी एक खास नियम घातला. नवरा खोलीत आला की त्याचा चेहरा सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांत रेखीव. चष्मा पहिल्यांदा डोळ्यांवर चढवला त्याच आठवड्यात वृषाली म्हणाली, "हे आले की बाकीचं सगळं पुसट होतं." हे वाक्य धैर्यशीलरावांनी पुढे प्रत्येक व्यासपीठावर सांगितलं. हमखास टाळ्या पडायच्या.

चहाच्या त्या प्रकारानंतर दोघं चष्म्याच्या केंद्रात गेली. तिथं झरीना मुजावर नावाची तंत्रज्ञ होती. तिनं चष्मा तपासला, चिप तपासली, आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"सर, मशीन ठणठणीत आहे. एक नियम आहे फक्त. काकूंचाच, तोंडी दिलेला."

तिनं वाचून दाखवला. हे मला डोळ्यांसमोर नकोत. कधीच नकोत.

धैर्यशीलराव मोठ्यानं हसले. त्यांना सगळा उलगडा झाला. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी वृषालीनं नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. कराडला त्यांच्या घरात बायका घेत नसत, आणि पुण्यात येऊनही तिची जीभ वळली नाही. समोर असले की 'अहो', पाठीमागे 'हे'. यंत्राला मराठी शिकवायची वेळ आली तेव्हा धैर्यशीलरावांनीच सांगितलं होतं की आमच्याकडच्या बायका 'हे' म्हणाल्या की नवरा समजा. यंत्रानं तसं समजून घेतलं होतं. क्रियापदाचीही मदत नव्हती. नवऱ्याला मान द्यायचा म्हणून 'नकोत', आणि वस्तू दोन-चार असल्या तरी 'नकोत'च.

"काजवे," ते म्हणाले. "चिपच्या कडेला मधूनच काजवे चमकतात ना, त्याला ही वैतागली असणार. हे काजवे नकोत, असं म्हणाली असेल, आणि यंत्रानं मलाच उचलून बाहेर ठेवलं."

झरीना हसली नाही. तिनं वृषालीकडे पाहिलं. "काकू, काजव्यांबद्दल होतं का ते?"

वृषाली पर्सची चेन लावत होती. ती लागेना, म्हणून तिनं पुन्हा उघडली. "बघू," ती म्हणाली. "आज डोकं चढलंय."

"फक्त 'हे दिसू देत' एवढं म्हण," धैर्यशीलराव म्हणाले.

"बघू म्हटलं ना."

"मला हात लावता येणार नाही, सर," झरीना म्हणाली. "काकूंचा नियम काकूंनीच काढायचा. तुम्हीच तसं ठेवलंय."

बघू. मराठी घरांत या शब्दाइतका सोयीचा शब्द नाही. पाहुण्यांना बघू, पोरांच्या हट्टाला बघू, स्थळाला नकार द्यायचा तर बघू. ज्याला तो ऐकवला जातो त्याला सहसा पहिल्या झटक्यात कळतं. धैर्यशीलरावांना कळला नाही. त्यांनी तो शब्दशः घेतला आणि वाट पाहत राहिले.

दिवस विचित्र जाऊ लागले. दूर असले की ते नसतच. त्यांच्या अंगावरचा सदरा, हातातलं वर्तमानपत्र, पायातल्या चपलासुद्धा त्यांच्याबरोबर जात, कारण फांदी झाकली की फांदीवरचं सगळं झाकतं. त्यांच्या जागी रिकामं भोकही राहत नसे. यंत्र मागची भिंत, मागची खुर्ची ओढून ती जागा भरून काढी. हाताच्या अंतरावर आले की मात्र तिला एक करडा डाग दिसे. कुणी कशावर आपटू नये म्हणून कायद्यानंच घातलेला तो नियम होता. त्या डागाला चेहरा नव्हता. वृषाली त्याला वळसा घालून जाई. बोलताना ती नेहमीसारखीच बोले, भाजीला मीठ पुरेसं आहे का विचारी, त्यांच्या गोळ्यांची आठवण करी. धैर्यशीलराव रात्रंदिवस घरात वावरत होते आणि घरात नव्हते. सत्तरीला टेकलेला तो माणूस एकदा आरशासमोर उभा राहून आपला चेहरा चाचपून आला.

याच सुमारास कराडहून वृषालीची धाकटी बहीण तेजू राहायला आली. एका दुपारी धैर्यशीलराव दारात उभे होते आणि आत दोघी बहिणी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. वृषाली मध्येच थांबली. तेजूची हनुवटी धरून तिनं तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि बघत राहिली.

"काय बघतीस?" तेजू म्हणाली.

"भुवईत पांढरा केस आलाय तुझ्या. आणि इथं आईसारखी सुरकुती पडते हसताना." वृषाली स्वतःच हसायला लागली. "कोथिंबिरीची पानंसुद्धा सुटी सुटी दिसतायत बघ. कातरलेली कड दिसते."

"ताई, तू इतकी वर्षं माझ्याकडं असं बघितलंच नाहीस," तेजू म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

धैर्यशीलरावांना मत्सर वाटला. दुसरं काही वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. गणित अगदी सोपं होतं, आणि ते त्यांनीच कधीकाळी मांडलेलं होतं. चिपकडे ठिपके मोजके. एक चेहरा रेखीव करायचा तर ठिपके दुसरीकडून काढून घ्यावे लागतात. ते खोलीत आले की त्यांचा चेहरा लख्ख होई आणि बहीण, भाजी, हातातला चहा, खिडकीबाहेरचं झाड, सगळं धुक्यात जाई. हे आले की बाकीचं सगळं पुसट होतं. बाईनं तक्रार केली होती, नवऱ्यानं ती कौतुकासारखी मिरवली. न कळलेली ओळ निमूट सोडून पुढे जायची सवय एकट्या त्यांच्या भाषेलाच नव्हती.

त्या रात्री त्यांनी भाषेच्या समितीला पत्र लिहायला घेतलं.

समितीची बैठक पडद्यावर भरली. जगभरचे सभासद, आणि अध्यक्षस्थानी पुण्याच्याच डॉ. नीलिमा कुर्डूकर, एके काळच्या त्यांच्या विद्यार्थिनी. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात या भाषेविरुद्ध शब्द ऐकून घेतला नव्हता, तो त्या दिवशी म्हणाला की ही भाषा वाईट रचलेली आहे.

"ती विचारत नाही," धैर्यशीलराव म्हणाले. "खरंच असं हवंय का, एवढं एकदाही विचारत नाही. माणूस वैतागून अर्धं वाक्य बोलतो आणि ती त्याचा कायमचा कायदा करते. चूक झाली तर कुणाला कळवत नाही. माझी बायको रोज मला वळसा घालून जाते. मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो की शेवटचा शब्द बघणाऱ्याचा असावा. मी चुकलो. जवळच्या माणसाचा नियम, डॉक्टरची सही असेल तर, बघणाऱ्याच्याही वर असला पाहिजे."

"सर, वृषालीताईंना विचारलंत?" डॉ. कुर्डूकर म्हणाल्या.

"विचारलं. ती बघू म्हणते."

परदेशातल्या सभासदांना त्यात काही वावगं वाटलं नाही. डॉ. कुर्डूकर मात्र थोडा वेळ खाली बघत राहिल्या. "एकदा आत घेतलेलं या भाषेतून निघत नाही," त्या म्हणाल्या. "हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. हजारो चष्म्यांत जाईल ते. नीट विचार करा."

धैर्यशीलराव बोलायला गेले आणि त्यांना रडू फुटलं. आजवर ज्यांनी त्यांना फक्त वाद जिंकताना पाहिलं होतं त्या माणसांना ते बघवलं नाही. दुरुस्ती मंजूर झाली. डॉ. कुर्डूकरांचं एकच मत विरोधात पडलं.

सुधारणा चष्म्यात उतरली त्या दुपारी त्यांनी नियम लिहिला, डॉक्टरकडून सही घेतली, नवा सदरा घातला आणि ते बाहेरच्या खोलीत गेले. तेजू गावच्या कुणाच्या तरी लग्नाची हकिगत सांगत होती. वृषाली तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं डोळे बारीक केले, मान पुढे नेली, जणू तेजू एकाएकी लांब गेली. मग तिनं हळूहळू दाराकडे तोंड वळवलं. कितीतरी दिवसांनी तिची नजर नवऱ्याच्या डोळ्यांना भिडली.

"आलात," ती म्हणाली.

"दिसतोय ना?" धैर्यशीलरावांनी विचारलं. "दिसतोय ना मी?"

"तुम्हीच दिसताय."

"मी समितीत भांडलो, वृषाली. तुझ्या त्या काजव्यांपायी भाषा बदलावी लागली."

"काजव्यांचा मला कधी त्रास नव्हता." ती अगदी खालच्या आवाजात बोलत होती. "मी तुम्हालाच म्हटलं होतं. यंत्राला बरोबर कळलं होतं ते."

तेजू उठून आत जायला लागली. वृषालीनं तिचा हात चाचपडत धरला आणि तिला बसवलं.

"तुम्ही आलात की हिचं तोंड जातं. ताटातलं काय आहे ते कळत नाही. तुम्हाला किती वेळा सांगितलं. तुम्ही ते भाषणात सांगायला लागलात, लोक टाळ्या वाजवायला लागले, मग मी गप्प बसले. चांगले डोळे होते तेव्हा तरी काय वेगळं होतं? पडदे तुमच्या आवडीचे, फिरायला तुम्ही म्हणाल तिथं, फोटोत सगळ्यांच्या मधोमध तुम्ही. माझी तक्रार नव्हती. पण नवे डोळे आले, तर त्यातही पहिले तुम्हीच."

"मी प्रेमानं केलं गं ते."

"ते कुठं नाही म्हणते मी? मला तुमचा राग नव्हता. तुम्ही घरात होतात, बोलत होतात, मला बरं वाटत होतं. थोडे दिवस फक्त बाकीचं बघायचं होतं. तेजू परत गेली की मी काढणार होते तो नियम. बघू म्हटलं होतं ना तुम्हाला."

वृषालीनं दोन्ही हातांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय चिपला काही येत नाही. तिच्यासमोर काळोख झाला असणार. तिनं काड्या मिटल्या, अंदाजानं हात पुढे केला आणि चष्मा नवऱ्याच्या हातात ठेवला.

"तेजू, पुढं सांग," ती म्हणाली. "वरात कुठवर आली होती?"

आठवड्याभरात त्यांनी डॉ. कुर्डूकरांना फोन लावला. दुरुस्ती मागे घ्या म्हणाले, मी खोटा ठरलो, लेखी देतो. डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आता निघत नाही, सर. त्या नियमावर घरं चालायला लागली," त्या म्हणाल्या. "काढला तर त्यांच्या नजरा मोडतील. मी तरी काय करू?"

घरं चालायला लागली होती हे खरं होतं. एका मुलानं बापाच्या नजरेतून घराचा दरवाजाच काढून टाकला होता, म्हातारा एकटा बाहेर पडू नये म्हणून. एका घरात आजीला न पटलेली सून दिसेनाशी झाली होती, आजीचा रक्तदाब वाढू नये म्हणून. एका बाईला तिच्या मेलेल्या मुलाची खोली दिसत नव्हती. तिथं आता सलग भिंत होती आणि ती बाई त्या भिंतीवरून हात फिरवत बसायची. प्रत्येकाकडे डॉक्टरची सही होती. प्रत्येकाकडे कारण होतं, आणि कारण प्रेमाचंच होतं. धैर्यशीलरावांनी केंद्रातून एकेक हकिगत ऐकली आणि मग त्यांनी ऐकणं सोडून दिलं. त्यांच्या भाषेत आता दोष असा काही उरला नव्हता. लिहिणाऱ्याच्या मनासारखी ती चोख चालत होती.

तेजू गावी गेली. त्यानंतर एका संध्याकाळी धैर्यशीलराव चष्मा घेऊन वृषालीजवळ येऊन बसले. ती वाळलेले कपडे चाचपून घड्या घालत होती. शिवण लागली की सदरा, काठ लागला की साडी.

"मी सगळं काढलं," ते म्हणाले. "माझी एक ओळसुद्धा ठेवली नाही. झरीनाकडून तपासून आणलं. मी दिसायला नको असेन तर तसं म्हण, मी आनंदानं जाईन. पण तू घाल हा."

वृषालीनं घडी पुरी केली. "आज काढलंत."

"पुन्हा कधी घालणार नाही. शपथ घेतो."

"तुमच्यावर विश्वास नाही असं नाही हो. पण घालता येतं, हे मला आता कळलंय." ती शांतपणे बोलत होती. "उद्या समोर भिंत दिसली तर ती भिंतच आहे का, मी कुणाला विचारू? तुम्हालाच विचारावं लागणार. तेजू आली नाही असं तुम्ही म्हणालात तर ती आली नाही. खुर्ची रिकामी दिसली तर ती रिकामी आहे का, हे सांगणारे तुम्हीच. चष्मा घालणाऱ्याला आपल्याला काय दिसत नाही ते कधी दिसतच नाही. त्यापेक्षा हे बरं. यात निदान सगळंच दिसत नाही."

"माझ्यासाठी तरी."

"तुमच्यासाठीच आजवर घातला," ती म्हणाली.

बाहेर रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी गेली. घड्यांची चळत उंच झाली तसा वृषालीनं तिच्यावर तळवा दाबून ती सारखी केली.

"अंधार पडला असेल ना आता?" तिनं विचारलं.

"पडलाय."

"मग दिवा लावून घ्या. तुम्हाला दिसत नसेल."

धैर्यशीलराव उठले आणि त्यांनी दिवा लावला. खोलीतली प्रत्येक वस्तू लख्ख दिसू लागली, आणि ती बघायला खोलीत ते एकटेच होते.